पहाटेचा पाठ



पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशनं मागं टाकत केडगावला थांबते. नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. या केडगावात मुक्ती मिशन नावाची सव्वाशे वर्षांची जुनी संस्था आहे. ज्या बाईनं ती उभी केली, तिच्याबद्दल आज आपण बोलणार आहोत. पंडिता रमाबाई हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १९८९ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. पण तिकिटावरच्या माणसाचा संसार आपल्याला दिसत नाही. रमाबाई शिक्षिका होत्या, एका लेकीची आई होत्या आणि मनापासून देवाला भजणाऱ्या ख्रिस्ती बाई होत्या. या तिन्ही गोष्टींचा जाब त्यांना आयुष्यभर द्यावा लागला. कधी समाजानं विचारला, कधी चर्चनं. त्यांनी तो कसा दिला, ते आज पाहू.

ही गोष्ट रमाबाईंच्या आईपासून सुरू होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्याला शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणते आहे, हे ऐकून या तरुण विद्यार्थ्याला नवल वाटलं. त्यानं मनाशी ठरवलं, की आपण आपल्या बायकोला शिकवायचं. पुढं त्यांची पहिली पत्नी वारली. दुसरं लग्न झालं तेव्हा नवरी लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती आणि शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. त्या काळी असं सर्रास होई. पण शास्त्रीबुवांनी या मुलीला खरोखर शिकवलं. गावात आणि नातलगांत कुजबूज सुरू झाली. उडुपीला विद्वानांची सभा भरली आणि त्यांना जाब विचारला गेला. त्यांनी शास्त्रांतलेच दाखले काढून दाखवले, की बाईनं पुराणं आणि काव्य शिकायला बंदी नाही. तरी पुढं ते कुटुंब घेऊन कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथं जाऊन राहिले. तिथंच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

वडिलांचं वय झालं होतं, नजर कमी झाली होती. त्यामुळे धाकट्या रमेला शिकवायचं काम आईवर आलं. आता लक्ष्मीबाईंचा दिवस डोळ्यांपुढं आणा. घरात शिकायला आलेले विद्यार्थी, येणारेजाणारे पाहुणे, स्वयंपाक, गुरंढोरं, मुलंबाळं. दिवसा शिकवायला सवड कुठली? म्हणून ही आई पहाटे, घर जागं व्हायच्या आधी लेकीला उठवायची, जवळ घ्यायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. पाटी नाही, फळा नाही. आई म्हणेल तसं लेकीनं म्हणायचं. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या अशाच तोंडातून कानात आणि कानातून तोंडात आल्या. रमाबाईंच्या तोंडात ओव्यांच्या जागी भागवत आलं, एवढाच फरक.

ही पहाटेची शाळा कित्येक वर्षं चालली. पुढं रमाबाईंनी अमेरिकेत जे पुस्तक लिहिलं आणि जे जगभर गेलं, ते त्यांनी आपल्या आईला अर्पण केलं आहे. मोठमोठ्या सभांत मान मिळवलेल्या बाईनं आपली खरी शिक्षिका म्हणून आईचं नाव घेतलं, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पण या घरात एक उणीव होती, आणि रमाबाईंनी ती स्वतःच पुढं लिहून ठेवली. सगळं घर तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत देशभर फिरायचं. मिळेल ती दक्षिणा, त्यातही दानधर्म. विद्या होती, पण पोट भरेल असा धंदा कुणाच्या हातात नव्हता. अंगमेहनत करणं कमीपणाचं वाटे आणि भीक मागायचीही लाज वाटे. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कुणी उरलं नाही. दागिने गेले, भांडी गेली. रानातली पानं आणि फळं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग थोड्याच दिवसांत आई, त्यामागून थोरली बहीण.

आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा रमा शेजारणीकडं भाकरीचा तुकडा मागायला गेली. तोंडातून शब्द फुटेना. बाईनं बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला, पण आईला तो खाताच आला नाही. आई गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण दया येऊन आले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. स्मशान लांब होतं. रमेची उंची कमी. खांद्यावर तिरडी पुरेना, म्हणून तिनं तो भार डोक्यावर घेतला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्याकडं बाईनं तिरडीला खांदा दिला तर आजही गावभर चर्चा होते. इथं सोळा वर्षांच्या पोरीनं आईला डोक्यावर नेलं. पुढं केडगावात त्यांनी मुलींच्या हाताला काम का दिलं, याचं कारण आम्हाला याच वाटेवर दिसतं.

बहीणभाऊ चालत राहिले. लांबची पायपीट करून १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. तिचं पाठांतर आणि संस्कृत बोलणं ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामात सिलचरला मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. मनाला आनंद देणारी म्हणून तिचं नाव मनोरमा ठेवलं. पुढच्याच फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या, आणि मांडीवरचं लेकरू अजून वर्षाचं नव्हतं.

त्या काळच्या ब्राह्मण विधवेचं काय होई, ते आपल्या पणज्यांनी पाहिलेलं आहे. केशवपन, एकवेळचं जेवण, अंधारी खोली, अपशकुनी म्हणून हिणवणं. रमाबाईंना घर नव्हतं, त्यामुळे कोंडून ठेवणारंही कुणी नव्हतं. त्या लेकीला घेऊन पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच ते होतं, ठरलेल्या दिवशी बायकांनी एकत्र यायचं, ऐकायचं, बोलायचं. त्याच वर्षी सरकारचं शिक्षण कमिशन पुण्याला आलं. त्याचे अध्यक्ष हंटर साहेब. रमाबाईंनी त्यांच्यापुढं मराठीत साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका तयार करा, शाळा तपासायला बायका नेमा, आणि बायकांच्या दुखण्यांसाठी बायका डॉक्टर तयार करा, असं त्यांनी मागितलं. गावाला एएनएम ताई आणि शाळेला बाई हव्यात, ही आपली आजची मागणी तेव्हा एका तेवीस-चोवीस वर्षांच्या विधवेनं सरकारपुढं मांडली होती.

त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून, त्याच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथं कळलं, की कानानं कमी ऐकू येतं म्हणून डॉक्टरकी जमणार नाही. मग त्यांनी शिक्षिका व्हायचं ठरवलं.

याच भगिनींनी त्यांना लंडनमधलं एक काम दाखवलं. समाजानं ज्यांना वाईट ठरवून टाकून दिलं, अशा बायकांना तिथं आसरा मिळे, शिकवलं जाई, मायेनं वागवलं जाई. असं कुठं पाहिलं नव्हतं, असं रमाबाई सांगतात. या दयेचं मूळ कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची बायबलमधली गोष्ट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पुण्यात पोचली आणि वादळ उठलं. ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनाच ती परकी वाटू लागली. त्या वेळी जोतीराव फुले मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’चे जे दोन अंक काढले, त्यांत रमाबाईंची बाजू घेतली. धर्मग्रंथ वाचूनच या बाईनं निर्णय घेतला, मग दोष कुणाचा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आता एक गोष्ट नीट ऐका. धर्म बदलला म्हणजे रमाबाई कुणाच्या तरी म्हणण्यात गेल्या, असं लोकांना वाटलं. पण त्यांची आणि वाँटेजच्या भगिनींची पत्रं पुढं छापली गेली आहेत. ती वाचली की वेगळंच चित्र दिसतं. भगिनी प्रेमळ होत्या, पण त्यांना वाटे की रमाबाईंनी चर्च सांगेल ते मुकाट मानावं. रमाबाई म्हणत, मी एका माणसांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, दुसऱ्या जोखडात मान घालणार नाही. जे पटेल तेच मानीन. क्रुसावरची लॅटिन अक्षरं त्यांना खटकली. आमच्या देशात ती कोण वाचणार, त्यापेक्षा संस्कृत घाला, असं त्यांनी सुचवलं. मांसाहार त्यांनी धरला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्याचा रमाबाईंना राग आला. मी माझ्या देशात पुरुषांच्या भरसभेत बोलले आहे, मग इथं आडकाठी कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यात अवघड भांडण होतं लेकीवरून. रमाबाई चेल्टनहॅमला आणि मनोरमा वाँटेजला भगिनींकडं. शिकायचं, कमवायचं, तर लेकरू दुसऱ्याकडं ठेवावं लागे. ऊसतोडीला जाणाऱ्या, शहरात धुणीभांडी करणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींना ही ओढाताण ठाऊक आहे. लेकरू ज्यांच्याकडं, त्यांचे संस्कार त्याच्यावर होणार. भगिनींना वाटे, मुलीनं आमच्या पंथाप्रमाणं वाढावं. रमाबाईंनी ठाम लिहिलं, की तिची आई मी आहे. तिला कोणती प्रार्थना शिकवायची, कोणत्या शाळेत घालायचं, कुठल्या देशात वाढवायचं, हे मी ठरवीन. तिची लेक मराठी मुलखाची राहिली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. ज्यांच्या आसऱ्याला आपण आहोत, त्यांनाच असं सांगायला किती बळ लागत असेल, याचा विचार करा.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं, त्यांच्या नात्यातल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. तिथं त्यांनी बालवाडीची नवी पद्धत शिकून घेतली. मुलांच्या हातात ठोकळे, माती, रंग देऊन शिकवायची, छडीनं नाही. त्यांनी ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावर इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि गावोगाव भाषणं दिली. तिथल्या लोकांनी बोस्टनला संस्था काढून दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. विधवा मुलींसाठी निवासी शाळा काढायची, आणि त्या शाळेत कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही, ही अट ठरली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथं जातीचे नियम पाळून स्वयंपाक होई, ज्यांना आपली पूजाअर्चा करायची त्या करत. मुली लिहायला, वाचायला, शिवायला, हिशोब ठेवायला शिकत. पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. हीच पुढं धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. मार्च १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांना त्यांच्या गावानं वाळीत टाकलं. पण १८९६ मध्ये त्याच कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं.

त्याच १८९३ साली शारदा सदनावर मोठं संकट आलं. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसोबत बायबल वाचून प्रार्थना करत. दार उघडं असे. हळूहळू काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडं झुकला. बातमी बाहेर फुटली. ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे आणि भांडारकर हे सदनाचे सल्लागार. त्यांनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

इथं कोण बरोबर होतं? आम्हाला वाटतं, दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. पालकांनी मुली विश्वासानं पाठवल्या होत्या. धर्माला हात लागणार नाही, हा शब्द दिलेला होता. ज्या बाईवर मुलींचं सगळं अवलंबून, तिच्या उघड्या दाराची ओढ लहान मुलींना वाटणारच, ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. मी माझ्या घरात दार लावून, चोरून देवाचं नाव का घ्यावं? इतर मुलींना त्यांची पूजा करायची मोकळीक आहे, तशी मला माझ्या प्रार्थनेची असावी. हा तिढा कायद्यानं सुटणारा नव्हता. मात्र वाद पेटला असताना सगळे थोर पुरुष धर्माबद्दल बोलत होते. काढून नेलेल्या मुलींचं पुढं काय झालं, त्या पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेल्या का, हे विचारणारे थोडेच होते. रमाबाई विचारत होत्या.

शाळा बंद पडली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी वर्ग चालू ठेवला. पण त्यांना एक गोष्ट कळली होती. अमेरिकेचे पैसे दहा वर्षांनी थांबणार, तेव्हा संस्थेला स्वतःची जमीन हवी. म्हणून त्यांनी केडगावला माळरान विकत घेतलं, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. बचत गटाचं सगळं कर्जावर चालवायचं नाही, आपलं म्हणून काही उभं करायचं, असं आपण म्हणतो. रमाबाईंचा हिशोब तोच होता.

आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक तडफडत होते. भुकेल्या मुलींना पळवणारे दलाल फिरत होते. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू होता, शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. त्याच प्लेगच्या दिवसांत पुण्यातल्या सरकारी इस्पितळांत बायकांचे हाल होतात, असं त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. १९०० मध्ये गुजरातेतला दुष्काळ आला, तेव्हा मुक्तीतल्याच बाया बाहेर पडल्या आणि मुली घेऊन आल्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली.

एवढ्या मुलींचं करायचं काय? काहींची उपासमारीनं इतकी दुर्दशा झालेली, की अक्षर डोक्यात राहीना. रमाबाईंनी ठरवलं, की पुस्तकाची शाळा आणि हाताची शाळा बरोबर चालेल. शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धोबीकाम, भटारखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा. जी ज्यात हुशार, ती त्यात. ज्या अभ्यासात पुढं गेल्या, त्यांना शिक्षिका केलं, आणि त्या नव्या आलेल्या मुलींना शिकवू लागल्या. एकटी बाई दोन हजार जणींना शिकवू शकत नाही. शिकलेली प्रत्येक जण दुसरीला शिकवील, तरच ते जमतं. छापखानासुद्धा बायकाच चालवत. खिळे जुळवणं, यंत्र फिरवणं, पुस्तक बांधणं, सगळं बायकांच्या हाती होतं.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. शारदा सदनात धर्माचा शब्द पाळला होता, तसं मुक्तीचं नव्हतं. मुक्ती उघड उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. १८९९ मध्ये तिथं मोठं चर्च उभं राहू लागलं. रोजची प्रार्थना, रविवारची उपासना हा तिथल्या दिवसाचा कणा होता. १९०५ मध्ये तर रात्ररात्र प्रार्थना चाले, मुली मोठ्यानं रडत, गात, आणि त्या जागृतीची बातमी जगभरच्या ख्रिस्ती लोकांत गेली. उपाशी मुलींना ख्रिस्ती केलं, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती टीका करायचा हक्क लोकांना आहे. पण त्याच टीकाकारांनी त्या मुली उचलून आणल्या असत्या, तर रमाबाईंना माळावर तंबू ठोकावे लागले नसते, हेही आम्हाला म्हणावंसं वाटतं.

रमाबाई कुठल्या एका पंथाच्या झाल्या नाहीत. मात्र एक काम त्यांनी शेवटपर्यंत केलं. मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. संस्कृतची सरस्वती म्हणवलेली ही बाई, दळणकांडण करणारीला कळेल असा शब्द शोधत बसायची. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते छापलं. पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं, तेव्हा रमाबाई नव्हत्या.

आणि मनोरमा? जिच्यासाठी आई परक्या मुलखात भांडली, ती आईचा उजवा हात झाली. अमेरिकेत शिकून परत आली आणि शारदा सदनात शिकवू लागली. कान कमी ऐकणाऱ्या आईची ती कान झाली, पाहुण्यांशी बोलायची, पत्रं लिहायची. बोटांनी वाचायची ब्रेल लिपी तिनं शिकून घेतली आणि मुक्तीतल्या अंध मुलींना वाचायला शिकवलं. टोपल्या विणायच्या पलीकडं अंध मुलीला काही येऊ शकतं, हे तिनं दाखवलं. सगळ्यांना वाटत होतं, आईनंतर मनोरमाबाईच संस्था चालवतील. पण जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाच गेली.

आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. रमाबाई थकल्या होत्या. तरी बायबलची शेवटची पानं तपासायची राहिली होती, ती त्यांनी पुरी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला.

मैत्रिणींनो, आपल्या गटात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या असतात. रमाबाईंचा धर्म आपला असेल किंवा नसेल. त्यांचे सगळे निर्णय आपल्याला पटतीलच असंही नाही. पण ही बाई जे मानत होती, ते स्वतः वाचून, विचार करून मानत होती, आणि त्याची किंमत स्वतः देत होती. आणि जे तिला आईकडून पहाटे मिळालं, ते तिनं आपल्याजवळ ठेवलं नाही. लक्ष्मीबाईंनी रमेला दिलं, रमाबाईंनी मनोरमेला आणि गोदूबाईला, मुक्तीतल्या मुलींनी पुढच्या मुलींना, मनोरमेनं अंध मुलींच्या बोटांना. एक पाठ किती हातांतून गेला, ते मोजता येत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं एकच सांगायचं, की मला पहिलं अक्षर, पहिला टाका, पहिला हिशोब कुणी शिकवला. आई असेल, आजी असेल, शाळेतल्या बाई असतील, नणंद असेल. त्या बाईचं नाव मोठ्यानं घ्या. आणि मग सांगा, आपण ते पुढं कुणाला शिकवलं. जिला अजून कुणी सापडली नसेल, तिनं शोधायला लागावं. सवड नसेल तर पहाट आहेच.

येतो आम्ही. नमस्कार.